जगबुडीचा अभ्यास करणारे काय शोधतात?

प्रश्न : आम्ही मूळचे नागपूरकडचे, पण तीन पिढ्या रायपुरात राहतो. माझ्या सासूबाई १९६२ च्या अष्टग्रहीच्या गोष्टी अजून सांगतात. घराघरांत जप, चौकाचौकांत होम, आणि ‘आता जगबुडी होणार’ एवढीच चर्चा. परवा माझी मुलगी सांगत होती, की परदेशात जगाच्या अंताविषयीच्या कल्पनांचा अभ्यास करणारी केंद्रं आहेत. जे कधी घडलंच नाही त्याचा अभ्यास म्हणजे नेमकं काय करतात? आणि आमच्या छत्तीसगडात त्यातलं काही सापडतं का?
— एक वाचक, रायपूर

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, म्हणजे पहिल्याचं उत्तर आपोआप मिळत जाईल. छत्तीसगडात या विषयाचं भरपूर सापडतं. त्यातली एक कथा तर रायपूर जिल्ह्याच्या नावानिशी जगभरच्या ग्रंथालयांत पोचली आहे.

गरियाबंद आणि धमतरीच्या जंगलपट्ट्यात कमार नावाची एक लहान जमात राहते. गरियाबंद २०१२ पर्यंत रायपूर जिल्ह्यातच होता. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंडांचा ग्रंथ काढला, त्यात कमारांची ही कथा आहे. ती अशी. देवाने पहिल्यांदा एक पुरुष आणि एक स्त्री निर्माण केली. त्यांना उतारवयात एक मुलगा आणि एक मुलगी झाली. पुढे एका कोल्ह्याने देवाला चिडवलं, आणि त्या कोल्ह्याला बुडवण्यासाठी देवाने साऱ्या पृथ्वीवर पाणी सोडलं. म्हातारा-म्हातारीला याची कुणकुण लागली. त्यांनी पोकळ ओंडक्यात दोन्ही पोरांना बसवलं, सोबत शिधा दिला आणि तोंड बंद केलं. पूर बारा वर्षं राहिला. आईबाप बुडाले, झाडून सगळे जीव बुडाले. ओंडका मात्र तरंगत राहिला. बारा वर्षांनी देवाने दोन पाखरं घडवली आणि कोल्हा मेला की नाही ते पाहायला पाठवली. पाखरांना सगळीकडे पाणीच दिसलं. शेवटी ती त्या ओंडक्यावर टेकली. तेवढ्यात आतून बारीक, थकलेला आवाज आला. पोरं एकमेकांना सांगत होती, की आता तीनच दिवसांचं अन्न उरलंय. पाखरांनी जाऊन देवाला सांगितलं, देवाने पाणी ओसरवलं, पोरांना बाहेर काढून वाढवलं, त्यांचं लग्न लावलं. त्यांना जी जी मुलं झाली त्या प्रत्येकाला देवाने वेगवेगळ्या जातीचं नाव दिलं.

जेम्स फ्रेझर यांनी १९१८ साली जगभरच्या जलप्रलयाच्या कथा एकत्र केल्या तेव्हा ही कथा त्यांच्या ग्रंथात गेली. त्या काळच्या विद्वानांची पद्धत अशी, की सगळ्या कथा एकमेकींशेजारी ठेवायच्या आणि मूळ कथा कोणती ते हुडकायचं. तिच्यामागे एक मोठी घटना होती. ३ डिसेंबर १८७२ रोजी जॉर्ज स्मिथ यांनी लंडनमध्ये एक मेसोपोटेमियन मातीची पाटी वाचून दाखवली होती, आणि तिच्यात बायबलमधल्या नोहासारखाच पूर, नौका आणि पाखरं निघाली होती. त्यानंतर कित्येक दशकं ‘कोणी कोणाचं घेतलं’ हाच प्रश्न गाजत राहिला.

आज अभ्यासक वेगळा प्रश्न विचारतात : पूर कशासाठी आला? बायबलमध्ये माणसाच्या पापासाठी येतो. मेसोपोटेमियातल्या अत्राहासिसच्या कथेत माणसांच्या गोंगाटाने देवाची झोप मोडते म्हणून येतो. शतपथ ब्राह्मणातल्या मनूच्या कथेत मासा फक्त सांगतो की पूर येणार आहे. कारण दिलेलंच नाही. आणि कमारांच्या कथेत तो एका कोल्ह्यासाठी येतो. माणसाचा काही अपराध नाही. थोरांच्या भांडणात गरिबाचं घरदार वाहून जातं, हे जंगलातल्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. असं मला ही कथा वाचताना वाटतं. आता तिचा शेवट पाहा. सगळ्या जाती एकाच ओंडक्यातून निघालेल्या भावंडांची लेकरं ठरतात. पूर हे निमित्त आहे; कथेला सांगायचंय ते पुरानंतरच्या समाजाबद्दल. व्हेरियर एल्विन यांनी १९४९ साली मध्य भारतातल्या मिथककथांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. त्यातही भाऊ-बहीण तुंब्यात बसून वाचल्याच्या कथा आहेत. त्यांचा विवाह कसा व्हावा हा पेच काही ठिकाणी असा सुटतो, की देवी येऊन दोघांचे चेहरे बदलतात आणि ती एकमेकांना ओळखत नाहीत.

पुराच्या कथा घडून गेलेल्या नाशाच्या. तुमच्या सासूबाईंची अष्टग्रही येणाऱ्या नाशाची, आणि या विद्याशाखेचा मोठा भाग तिथेच आहे. येणाऱ्या अंताचं भाकीत हातात आलं की अभ्यासकाचं पहिलं काम असतं, ते कधी लिहिलं गेलं हे शोधणं.

आपल्या पुराणांतलं उदाहरण घ्या. विष्णुपुराणात आणि भागवताच्या बाराव्या स्कंधात कलियुगात होणाऱ्या राजवंशांची यादी आहे, आणि ती सगळी भविष्यकाळात आहे : अमुक राजा होईल, तमुक इतकी वर्षं राज्य करील. नंद होतील, मौर्य होतील, आंध्र म्हणजे आपले सातवाहन होतील. यादी पुढे येते आणि गुप्तांपाशी, तेही गंगाकाठच्या छोट्याशा राज्याचे गुप्त असताना, थांबते. एफ. ई. पार्जिटर यांनी १९१३ साली या याद्या एकत्र संपादित केल्या. तर्क सरळ आहे. ज्या समुद्रगुप्ताने दक्षिणेपर्यंत स्वारी केली, ज्याच्या प्रयाग स्तंभलेखात कोसलच्या महेंद्राचा पराभव नोंदलेला आहे (आणि तो कोसल म्हणजे दक्षिण कोसल, तुमचं छत्तीसगड), त्याच्या पराक्रमाचा या यादीला पत्ता नाही. म्हणजे यादीच्या या भागाला आजचं रूप चौथ्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपास आलं असावं. ‘होईल’ असं लिहिणाऱ्याने ते होऊन गेलेलं पाहिलं होतं. बायबलमधल्या दानिएलाच्या ग्रंथाबद्दल पॉर्फिरी या तत्त्ववेत्त्याने तिसऱ्या शतकातच हेच दाखवलं होतं : अँटायोकस चौथ्याच्या कारकिर्दीपर्यंत भाकितं तंतोतंत, पुढे चुकतात, म्हणजे लेखक त्याच काळातला, इ.स.पू. दुसऱ्या शतकातला. यात श्रद्धेचा अवमान नाही. त्या लेखकांना आपल्या काळातली उलथापालथ अर्थपूर्ण वाटावी अशी तळमळ होती, आणि ती समजून घ्यायला तारीख माहीत असावी लागते.

तारखेनंतरचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. जग बुडणार म्हणतात, ते कोणाचं जग?

कलियुगाची लक्षणं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पैसा हीच कुलीनता होईल, राजे चोरांसारखे वागतील, पाऊस वेळेवर पडणार नाही, माणसाचं आयुष्य आखूड होईल. हे ऐकताना कोणीही मान डोलावतो. पण त्याच यादीत आणखीही काही आहे : शूद्र धर्म सांगायला बसतील, उच्चासनावरून उपदेश करतील, वर्णांची घडी विस्कटेल. इतिहासकार रामशरण शर्मा यांनी १९८२ मध्ये मांडलं, की ही वर्णनं म्हणजे तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या खऱ्याखुऱ्या सामाजिक पेचाची नोंद आहे : खालचे वर्ण कर द्यायला, सेवा करायला नकार देत होते आणि वरचे घाबरले होते. त्यांच्या मताशी सगळे इतिहासकार सहमत नाहीत. ही वर्णनं ठरीव साच्याची आहेत, त्यांतून एका विशिष्ट काळाचा इतिहास काढता येत नाही, असंही म्हटलं गेलं. माझा कल शर्मांकडे आहे. साचा झाला तरी तो कोणाच्या तरी भीतीतूनच पडतो.

आणि इथे तुमच्या रायपूरपासून फार लांब नसलेलं गिरौदपुरी येतं. १८ डिसेंबरला तुमच्याकडे ज्यांची जयंती होते ते गुरू घासीदास तिथले. (रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयाचं नाव ऐकून पुष्कळांची गल्लत होते. ते १८७५ साली राजनांदगावच्या राजे महंत घासीदासांनी उभारलं, ते वेगळे.) १८६८ साली चिझम या इंग्रज अधिकाऱ्याने बिलासपूरच्या जमीनमोजणीच्या अहवालात सतनामी पंथाच्या उगमाची हकिकत लिहिली आहे. घासीदास सहा महिन्यांनी परत येईन असं सांगून सोनाखानच्या जंगलात गेले. ठरलेल्या दिवशी चहूकडून चर्मकार समाजाची माणसं गिरौदला गोळा झाली. सकाळी गावावर झुकलेल्या खडकाळ टेकडीवरून गुरू उतरताना दिसले. त्यांनी सांगितलं : मूर्तिपूजा सोडा, एका सतनामाला भजा, सगळी माणसं सारखी. मांस वर्ज्य, दारू वर्ज्य, आणि रक्ताच्या रंगाची आठवण देणाऱ्या काही भाज्याही वर्ज्य. लिहिणारा अधिकारी ख्रिस्ती होता आणि घटनेनंतर काही दशकांनी लिहीत होता, त्यामुळे डोंगरावरून आज्ञा घेऊन उतरणाऱ्या मोशेची छाया त्या वर्णनावर पडली असणार हे धरून चालावं. पण गर्दी, वाट पाहणं, ठरलेला दिवस ही सगळी सामग्री या विद्याशाखेच्या ओळखीची आहे.

घासीदासांनी जगबुडी सांगितली नाही. त्यांनी एक जग संपल्याचं सांगितलं. सौरभ दुबे यांनी सतनाम्यांच्या इतिहासावर १९९८ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात पंथाच्या कथांचा बारकाईने अभ्यास आहे. त्या कथांमध्ये गुरू जुने देव घुरव्यावर, म्हणजे उकिरड्यावर, फेकून देतात. आता कलियुगाच्या त्या यादीकडे पुन्हा पाहा. अस्पृश्य ठरवलेल्या घरातला माणूस टेकडीवर उभा राहून धर्म सांगतो, हे पुराणकाराच्या लेखी जगाच्या अंताचं लक्षण होतं. खाली उभ्या असलेल्या माणसांच्या लेखी तो पहिला दिवस होता. घटना तीच. या विद्याशाखेतून एकच गोष्ट घ्यायची असेल तर मी ही घेईन.

आपल्या मराठी घरांत बलिप्रतिपदेला ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणून ओवाळतात. पाताळात गाडलेला न्यायी राजा परत येईल ही आशा त्यात उघड आहे, आणि ज्या राजाला देवाने गाडलं त्याच्याच परतण्याची वाट बायाबापड्या पाहतात. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त या बळीराजाला मध्यभागी आणलं. अंताच्या कल्पनांचा जगभर अभ्यास करणाऱ्यांनी या दिवाळीतल्या ओवाळणीकडे जितकं लक्ष द्यायला हवं होतं तितकं दिलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

गिरौदच्या कथेचं एक शेपूट आहे, तेही सांगतो. १८६८ सालीच ऑस्कर लोअर हे जर्मन मिशनरी रायपूरला आले, आणि सतनाम्यांमध्ये त्यांचं काम सुरू झालं; बिश्रामपूर हे त्यातून उभं राहिलेलं गाव. पुढच्या काळातल्या ख्रिस्ती लेखनात असं आलं, की आपल्यामागून एक गोरा माणूस येईल हे घासीदासांनीच सांगून ठेवलं होतं. घडून गेलेल्या गोष्टीला मागाहून भविष्यवाणीचा आधार देण्याची रीत पुराणांत आपण पाहिली, भविष्यपुराणात तर व्हिक्टोरिया राणीचाही उल्लेख आहे. तीच रीत इथे तुमच्या शेजारच्या तालुक्यात काम करताना दिसते.

आता अष्टग्रही. ३ ते ५ फेब्रुवारी १९६२ या दिवसांत सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी हे सात मकर राशीत जमले होते आणि आठवा केतू. केतू हा काही गोल नाही, चंद्राच्या कक्षेचा छेदनबिंदू आहे. पण पंचांगात तो ग्रह. त्यात ५ तारखेची अमावास्या आणि त्या दिवशी पॅसिफिकच्या बाजूला खग्रास सूर्यग्रहण. देशभर यज्ञ झाले, लोकांनी प्रवास पुढे ढकलले; पंतप्रधान नेहरूंनी या भीतीची जाहीर टिंगल केली. ६ तारखेला जग होतं तसं होतं.

अभ्यासकाचं काम खरं तर ६ तारखेला सुरू होतं. भाकीत चुकल्यावर मानणारे काय करतात? १९५६ साली लिऑन फेस्टिंगर आणि दोन सहकाऱ्यांनी या प्रश्नावर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. शिकागोजवळच्या एका छोट्या गटाला २१ डिसेंबर १९५४ रोजी महापूर येणार आणि अवकाशयान येऊन आपल्याला वाचवणार अशी खात्री होती. काही आलं नाही. तेव्हा गटाच्या प्रमुख बाईंना नवा संदेश मिळाला, की तुमच्या श्रद्धेच्या प्रकाशानेच जग वाचलं. आधी वार्ताहरांना टाळणारी ही माणसं मग स्वतः वर्तमानपत्रांना फोन करू लागली. या पुस्तकावर टीकाही झाली : त्या मूठभर गटात संशोधकांचीच माणसं सदस्य बनून शिरली होती, त्यांच्या असण्यानेच गटाचं वागणं बदललं असेल. टीका रास्त आहे. पण तुमच्या सासूबाईंना विचारून पाहा, १९६२ मध्ये ‘यज्ञांमुळे टळलं’ असं कोणी म्हणत होतं का. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनने हल्ला केला तेव्हा ‘अष्टग्रही आठ महिन्यांनी फळली’ असं कोणी म्हटलं का, तेही.

भाकीत चुकल्यावर फक्त सारवासारवच होते असं मात्र नाही. तुमच्या शेजारच्या छोटानागपुरात १८९५ साली बिरसा मुंडांनी चालकाडला सांगितलं, की आकाशातून आग बरसेल आणि जे माझ्याजवळ असतील तेच वाचतील. लोक कामधाम टाकून डोंगर चढून आले. आग आली नाही. त्याच वर्षी बिरसांना अटक झाली. दोन वर्षांनी ते तुरुंगातून सुटले आणि १८९९ च्या डिसेंबरात उलगुलान, म्हणजे मुंडांचं बंड, पेटलं. ९ जून १९०० ला रांचीच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. कुमार सुरेश सिंह यांनी १९६६ साली या चळवळीचा सविस्तर इतिहास लिहिला. पुढे मायकेल अ‍ॅडस यांनी १९७९ मध्ये जावा, न्यूझीलंड, ब्रह्मदेश, पूर्व आफ्रिका इथल्या बंडांबरोबर बिरसांचं बंड तुलनेला घेतलं. सगळीकडे जमीन गेलेली, जंगल गेलेलं, आणि नव्या सत्तेपुढे जुन्या मुखियांचं काही चालत नसलेलं. अशा जागी अंताचं भाकीत लोकांना एकत्र आणतं. आग न बरसल्याने जमिनीचं दुखणं थोडंच संपतं?

छत्तीसगडातलंच दुसरं टोक पाहायचं तर सरगुजात १९५१ च्या दुष्काळात राजमोहिनी देवींना झालेला साक्षात्कार आहे. त्या गोंड होत्या. त्यातून दारूबंदीची मोठी चळवळ उभी राहिली आणि १९८९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईत राहून काम केलेले मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन फुक्स यांनी १९६५ साली भारतातल्या अशा तारणहारी चळवळी एका ग्रंथात आणल्या. तो जुना झाला, पण आजही तिथूनच सुरुवात करावी लागते.

प्रश्न (त्याच पत्रातला) : मुलगी म्हणते ती केंद्रं कोणती? आणि तिला इथे राहून काही करता येईल का? ती मानववंशशास्त्र घेऊन एम.ए. करायचं म्हणते.

उत्तर : दोन ठळक. जर्मनीत हायडेलबर्ग विद्यापीठात २०२१ पासून एक केंद्र आहे. तिथे धर्मग्रंथांबरोबर अणुयुद्ध, हवामान, साथीचे रोग यांच्याभोवतीच्या अंतकल्पनाही अभ्यासल्या जातात. दुसरं इंग्लंडमधल्या बेडफर्डचं, आणि त्याची जन्मकथा विलक्षण आहे. १९१९ साली तिथे पॅनेशिया सोसायटी नावाचा एक पंथ स्थापन झाला. जोआना साउथकॉट या भविष्यवादी बाईंची एक बंद पेटी चोवीस बिशपांसमोर उघडली की जग सावरेल अशी त्यांची श्रद्धा. बिशप येतील म्हणून त्यांनी घर सज्ज ठेवलं. शेवटची सदस्य २०१२ मध्ये वारली. पंथाची मालमत्ता विश्वस्त निधीकडे राहिली, आणि अंताच्या कल्पनांच्या चिकित्सक अभ्यासाचं केंद्र त्याच निधीतून उभं राहिलं.

इथे राहून नक्कीच करता येईल. रायपूरच्या पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठात मानववंशशास्त्र विभाग आहे. कमारांवर श्यामाचरण दुबे यांनी १९५१ साली लिहिलेला ग्रंथ तिने आधी वाचावा. महाभारतातल्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला प्रलय सांगतात तो भाग भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत पाहावा. तळटिपांमधले पाठभेद पाहिले की एकच प्रलय किती हातांतून गेला ते दिसतं. आणि मराठी घरातली मुलगी आहे, तर दासबोधाच्या दहाव्या दशकातला पाचवा समास. समर्थ तिथे पाच प्रलय सांगतात : पिंडाचे दोन, झोप आणि मृत्यू, ब्रह्मांडाचे दोन, आणि पाचवा विवेकाचा. अंताची भीती घालण्याऐवजी तिचं विचारात रूपांतर करणारं इतकं नेटकं प्रकरण मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

पण वाचनाच्या आधी एक काम, कारण त्याला वेळ थोडा आहे. १९६२ साली जाणत्या वयाची असलेली माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. सासूबाईंपासून सुरुवात करून तिने त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. ‘भीती वाटली का’ हा प्रश्न शेवटी ठेवावा. आधी विचारावं : त्या तीन दिवसांत घरात काय रांधलं? कोणाला माहेरी पाठवलं, कोणाला बोलावून घेतलं? होमाचे पैसे कोणी गोळा केले, कोणी दिले नाहीत? दुकानं उघडी होती का? मोलकरणीच्या, रिक्षावाल्याच्या घरी हीच चर्चा होती का, की ती फक्त पंचांग असलेल्या घरांत होती? सांगणाऱ्याचं तेव्हाचं वय, मोहल्ला, आणि मुलाखतीची तारीख प्रत्येक ध्वनिफितीच्या सुरुवातीला बोलून ठेवावी. एका मराठी घरातली आठवण झाली, की त्याच मोहल्ल्यातल्या छत्तीसगढी आणि सिंधी घरात जावं.